समस्त चाकवाल्यांचा अर्ज

तळं आटलं की माती काढायची, पाणी चढलं की थांबायचं. मधे मिळतो तो दीड महिना, फार तर दोन. तेवढ्या दिवसांत काढलेल्या मातीवर कुंभाराचं वर्ष. यंदा तळ्याचा तळ उघडा पडला आणि चौथ्या दिवशी काठाने लोखंडी खांब उभे राहिले. खांबांना जाळी लागली. जाळीवर पाटी लागली : तलाव सुशोभीकरण. आत येऊ नये.

"सुशोभीकरण म्हणजे काय गं?" आबांनी नातीला विचारलं.

"नटवणं. होड्या येणार आहेत, आबा. बदकाच्या आकाराच्या."

"खरी बदकं होती की! त्यांना का हाकललं?"

नात नववीत होती. जन्मल्यापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं म्हणून तिला सगळे टकळी म्हणत.

घरात माणसं चार : आबा, त्यांचा मुलगा, सून आणि टकळी. गाढवं तीन. चाक एक, दगडी, पणज्याच्या हातचं. सून पहिल्यापासून थोरली. धाकटी कधी आलीच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीची माती ओल्या गोणपाटाखाली झाकलेली होती. थोरलीने गोणपाट उचलून डोळ्यांनीच माप घेतलं. आठ दिवस. हात आखडता घेतला तर दहा.

"घाबरायचं कारण नाही," आबा म्हणाले. "आपल्याकडे कागद आहे."

हे वाक्य त्या घरात तीन पिढ्या ऐकू येत होतं. तळ्यावरून कुणाशी तंटा झाला की घरातला कर्ता पुरुष छाती काढून म्हणायचा, कागद आहे आमच्याकडे. समोरचा गप्प व्हायचा. कागदात काय आहे हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाहायची सोयच नव्हती. कुणा पूर्वजाने कागदाची गुंडाळी करून तिच्याभोवती ओल्या मातीची अरुंद गळ्याची सुरई घडवली होती. भाजली नव्हती, नुसती सावलीत वाळवून तोंड मेणाने बंद केलं होतं. कुंभाराचं डोकं ते! तिजोरी सुचली, पण किल्ली सुचली नाही. सुरई फोडल्याशिवाय कागद निघणार नव्हता, आणि तंटा मिटत असताना ती फोडायची कुणी?

आबांनी ती उंबऱ्यावर ठेवली, दोन्ही हातांनी चाचपली आणि मडकी ठोकायच्या लाकडी थापीचा एक टोला घातला. कागद शाबूत निघाला. जुन्या वळणाचं अक्षर, घरात कुणाला लागेना. आबांनी तो डोळ्यांना लावला. मग धुतलेला सदरा घातला आणि मुलगा-सुनेला घेऊन तलावाच्या कामावरच्या साहेबाने ठेवलेल्या सुनावणीला निघाले. नवरदेव निघावा तसे.

कचेरीत एक चष्मेवाला होता. जुनी अक्षरं वाचायला साहेबाने मुद्दाम बोलावलेला. खुर्च्यांवर गावातली वीस-पंचवीस माणसं. चष्मेवाल्याने कागद उजेडाकडे धरला आणि भाजीची यादी वाचावी तसा वाचायला लागला.

"मायबाप सरकारचे सेवेशी. पायांची धूळ समस्त चाकवाले, दोन्ही कर जोडून विनंती ऐसीजे. आम्ही गरीब लेकरे, सरकारचे दारचे कुत्र्याहून लहान..."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. चष्मेवाला वाचत राहिला, पण कुत्र्याच्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. आबा उभे होते. हळूच खाली बसले. खुर्ची जरा मागे होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. थोरलीच्या नवऱ्याने त्यांना दंडाला धरून सावरलं.

"आजोबा," साहेब म्हणाला. त्याचा स्वर वाईट नव्हता, हेच वाईट होतं. "हा हक्काचा कागद नाही. ही विनवणी आहे. तुमच्याच माणसांनी लिहून दिलंय, दया करा म्हणून. आता दया करायची की नाही हे ज्याच्या हातात तळं त्याने ठरवायचं ना? घ्या, जपून ठेवा. फ्रेम करून लावा, छान दिसेल."

बाहेर पडताना त्याने थोरलीच्या नवऱ्याला थांबवलं. जाळीवर एक राखणदार लागणार होता. गणवेश मिळेल, बूट मिळतील. तुम्ही तळ्याचे माहीतगार.

"बघतो," नवरा म्हणाला. त्याने हो म्हटलं नाही म्हणून थोरलीला बरं वाटलं, आणि नाही म्हटलं नाही म्हणून रस्ताभर ती त्याच्याशी बोलली नाही.

त्या दिवसापासून आबा चाकाकडे पाठ करून बसू लागले.

थोरली माती तुडवत होती. गेल्या वर्षीची माती हट्टी असते. पाणी प्यायला वेळ लावते. टाच रोवायची, फिरवायची, उचलायची. खडा लागला की वाकून काढायचा. ऊन पाठीवर. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसलेली, ती निघायची ती पावसातच. नवरा चाकावर होता. जेवढ्या मातीत दोन मडकी व्हायची तेवढ्यात तो तीन घडवत होता, भिंती पातळ ओढून.

"इतकं पातळ कुणी घेईल का?" तिने विचारलं.

"माती पुरवायची ना?"

"पुरवायची. पण पाणी ठरलं पाहिजे आत."

एवढंच बोलणं झालं, तेवढ्यात शाळेची मुलगी धावत आली. टकळीने वर्गात एकाच्या पाठीत लाकडी पट्टी मोडली होती. इतिहासाच्या बाईंनी आईला आत्ताच्या आत्ता बोलावलं आहे.

थोरली गेली तशीच, कोपरापर्यंत माती, पोटऱ्यांपर्यंत माती. शाळेच्या पायऱ्यांवर तिच्या पावलांचे ठसे उठले. शिपायाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच ते आता भाजून काढायचे आहेत.

"ती वर्गात आली की हा भुंकतो," बाई दारातच म्हणाल्या. बाई वयाने लहान, आवाज मोठा. "तीन दिवस भुंकतोय. पट्टी मोडली ते वाईटच. पण शिक्षा करायची तर कुणाला, हे मला ठरेना. म्हणून म्हटलं, आधी धडा घेते. कागद टकळीच्या दप्तरातच होता. तुम्ही मागच्या बाकावर बसा."

"मी? हे असे हात घेऊन?"

"बाक पुसता येतो."

फळ्यावर सगळा कागद बाईंनी आजच्या अक्षरात उतरवून काढला होता. चष्मेवाल्याने वाचलेलं, पण कुणी न ऐकलेलं, सगळं. थोरली चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं शिक्षण तिचं मडकी बांधायला येणाऱ्या रद्दीवर झालं होतं. अर्ध्या बातम्या, फाटलेल्या गोष्टी, शेवट नसलेली पत्रं. तिने सावकाश वाचायला घेतलं.

"मायबाप सरकारचे सेवेशी. पायांची धूळ समस्त चाकवाले, दोन्ही कर जोडून विनंती ऐसीजे. आम्ही गरीब लेकरे, सरकारचे दारचे कुत्र्याहून लहान. सरकारचे पायांवेगळा आम्हांस थारा नाही. तळ्याची माती वडिलांचे वेळेपासोन खणत आलो, ती यंदा बंद जाहली. फौजेस रांजण व घडे देणे ते मातीवाचून कैसे घडतील, हे सरकारांनी चित्तात आणावे. कृपा जाहली तर लेकरे पायांशी राहतील. न जाहली तरी लेकरांस राग नाही. चाके गाडीवर लादून जिकडे माती तिकडे जाऊ. पलीकडील सरकारचे कारभारी येऊन माती दाखवून गेले. तिकडील तळे मोठे आहे ऐसे ऐकितो. लेकरे अज्ञान, काय लिहावे कळत नाही. बहुत काय लिहिणे, ही विनंती."

"काय मागितलंय?" बाईंनी विचारलं.

"भीक," भुंकणारा म्हणाला.

"बरं. आता हे ऐका." बाईंनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. "हा कागद एका सरदाराचा. पदरी शंभर घोडे. सुरुवात : पायांची धूळ. हा एका व्यापाऱ्याचा. सरकारच त्याच्याकडून उसनं घ्यायचं. सुरुवात काय?"

"पायांची धूळ," दोघी-तिघी म्हणाल्या.

"हा तिसरा. हे लिहिणाऱ्याने पुढच्याच महिन्यात बंड केलं. सुरुवात?"

अख्खा वर्ग ओरडला. खिडकीवरचं कबूतर उडालं.

"मग धुळीचा अर्थ काय राहिला? तुम्ही रजेच्या अर्जात शेवटी काय लिहिता?"

"आपला आज्ञाधारक विद्यार्थी."

"आणि आहात?"

भुंकणारासुद्धा हसला. बाईंनी डस्टर टकळीच्या हातात दिलं. "जे वाक्य कुणाच्याही अर्जात बसेल ते पूस. सरदाराच्या बसेल, व्यापाऱ्याच्या बसेल, ते सगळं. जे फक्त कुंभारच लिहू शकेल तेवढं राहू दे."

टकळीने मायबाप पुसले. धूळ पुसली. कुत्रा पुसताना जरा जास्तच जोर लावला. लेकरं, पाय, थारा, अज्ञान सगळं गेलं. फळ्यावर मोकळ्या जागेत वाक्यं उरली : वडिलांच्या वेळेपासून खणत आलो. रांजण कसे घडतील. चाकं गाडीवर लादू. पलीकडचे कारभारी येऊन गेले. तिकडचं तळं मोठं आहे.

पहिल्या बाकावरच्यांनी ती वाक्यं पुन्हा वाचली.

"ही धमकी आहे," एक मुलगी म्हणाली.

"थोडी आहे," बाई म्हणाल्या. "पण इथे मी अडले होते, खरं सांगते. चाकं लादून जाऊ म्हणजे बिचारे, पोटासाठी वणवण, असं मी समजत होते. दुष्काळात माणसं जातात तसं."

"नाही हो, बाई," मागून थोरली म्हणाली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. ती उठून उभी राहिली. बसून बोलायची सवय नव्हती. "पोटासाठी कुंभार जातो तेव्हा चाक घरीच ठेवतो. मजुरीला जातो, परत येतो. चाक दगडी असतं. चार माणसं लागतात उचलायला. ज्या खुंट्यावर ते फिरतं तो जमिनीत हातभर पुरलेला, तो उपटावा लागतो. एकदा उपटला की ती जागा संपली. आमच्यात चाक हलवलं म्हणजे या गावाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे फौज तहानेने मेली तरी आम्हाला बोलवू नका."

बाईंनी खडू खाली ठेवला.

"आणि ते गोड बोलणं," थोरलीची भीड आता चेपली होती, "ते तर मी रोज करते. बाजारात गिऱ्हाईक आलं की म्हणते, ताई, तुमच्या घराच्या जिवावर जगतो आम्ही. तिच्या जिवावर जगते का मी? ती उलट मडकं तीनदा वाजवून बघते. पण तसं म्हटलं की हात आखडत नाही समोरच्याचा. आमच्या पूर्वजाने तेच केलंय. साखर वर, खडा खाली."

"हे माझ्या पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या रे सगळे."

भुंकणाऱ्यालाही लिहून घ्यावं लागलं. ती त्याची शिक्षा, असं बाईंनी ठरवलं. टकळीची शिक्षा अशी की तिने सगळा कागद आजच्या अक्षरात वहीत उतरवून घरी न्यायचा आणि आजोबांना समजावायचा.

ते काही सोपं गेलं नाही.

"मला शिकवू नका," आबा भिंतीकडे बघत म्हणाले. "कुत्रा लिहिलाय ना? लिहिलाय. पन्नास वर्षं मी त्या कागदाच्या जोरावर मान वर करून चाललो."

"आबा, सरदारानेही लिहिलंय."

"सरदाराला लिहू दे. त्याला घोडे होते."

थोरली पदराला हात पुसत समोर येऊन बसली. सासऱ्याच्या समोर असं कधी ती बसली नव्हती. "आबा, माझ्या लग्नाच्या बोलण्यांत माझ्या बापाला तुम्ही काय म्हणालात? आम्ही गरीब माणसं, तुमची मुलगी आमच्या घरात येईल हे आमचं भाग्य. म्हणालात की नाही?"

"म्हणालो असेन."

"आणि आल्यापासून बावीस वर्षं कुणाचं चालतंय या घरात?"

चाकावरून तिचा नवरा खुदकन हसला. आबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि त्या नादात चाकाकडे तोंड झालं. ते तसंच राहिलं. मग म्हणाले, "खुंटा उपटू म्हणाला आपला पूर्वज?"

"हो."

"खुंटा?" त्यांनी चाकाखालच्या जमिनीकडे बोट केलं. "वाच पोरी. कुत्र्यापासून वाच."

मागून घेतलेल्या दुसऱ्या सुनावणीला चौघं गेली आणि बाईही आल्या. रजा टाकून, आज्ञाधारक म्हणून सही करून. आबांनी या खेपेला सदरा बदलला नाही, मातीचाच घातला. टकळीने कागद वाचला. चष्मेवाल्यासारखा नाही. लेकरं, पाय, धूळ हे सगळं तिने इतक्या लाडाने वाचलं की लोकांना काहीतरी येतंय याचा वास लागला. 'तिकडील तळे मोठे आहे ऐसे ऐकितो' हे तर तिने अगदी सहज, खिडकीबाहेर बघत म्हटलं. कचेरीचा कारकूनच आधी हसला. मग खुर्च्या हसल्या. या वेळचं हसू दुसरीकडे जात होतं, आणि साहेबाला ते कळलं.

"वाचन उत्तम," तो म्हणाला. "पण वाचनाने हक्क सिद्ध होत नाही."

"विनवणीने तो बुडतही नाही," बाई म्हणाल्या. "वडिलांच्या वेळेपासून खणत आलो, हे यात लिहिलंय. कागद कुणाला खोटा वाटत असेल तर तसं सांगा."

साहेबाने कागद उलटापालटा केला. खोटा म्हणता येईना. "मुद्दा नोंदवून घेतो. पुढची तारीख देतो." त्याने वही चाळली आणि तारीख सांगितली.

थोरलीने बोटांवर मोजलं. "साहेब, तेव्हा तळ्यात पुरुषभर पाणी असेल. माती काय बुडी मारून काढायची?"

"त्याआधी काही हवं असेल तर रीतसर अर्ज करा. विचार करू."

"कधी?"

"अर्ज आल्यावर."

बाहेर पडताना नवरा सगळ्यांच्या पुढे होता. कचेरीबाहेर बांधलेल्या गाढवांजवळ थांबला. "मी त्याला सांगून आलो," तो म्हणाला. "बूट नकोत म्हणून." आणि गाढवावरच्या फावड्याचा सैल झालेला दांडा दगडावर ठोकून घट्ट करायला लागला. मग थोरली रस्ताभर त्याच्याशी बोलत होती.

त्या दुपारी नववीच्या वर्गात सगळे, आबा-थोरलीसुद्धा, अर्ज लिहायला बसले. आबा म्हणाले, एक ओळ लिहा, उद्या सकाळी खणणार, कळावे. वर्गाने ऐकलं नाही. इतकं शिकून एक ओळ? भुंकणाऱ्याचं अक्षर चांगलं म्हणून लेखणी त्याच्याकडे आली. मुली सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मायबाप आले, कृपाळू आले, साहेबांच्या बदकांची स्तुती आली. थोरलीने खडे कुठे पेरायचे ते दाखवलं. पाच पानं झाली.

"मी नोकरदार माणूस," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मला यातलं काही ठाऊक नाही. तिसऱ्या पानावर स्तुती जरा कमी पडतेय, एवढंच."

"बदली झाली तर?" थोरलीने विचारलं.

"तिथेही नववी असेलच की!"

उजाडताच चौघं तळ्यावर. नवऱ्याने जाळीच्या तारा तोडल्या नाहीत. एकेक पीळ उलगडून जाळी गुंडाळून बाजूला ठेवली, नीट, पुन्हा लावता येईल अशी. आबांनी कुदळ मागितली. कुणी अडवलं नाही. पहिला घाव वरच्या भेगाळलेल्या पापुद्र्यावर बसला, दुसऱ्याला खालची काळी, गार, लोण्यासारखी माती लागली. आबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, खडा नाही म्हणून मान हलवली. आबा खणत, नवरा फावड्याने ओढी, थोरली गोण्या भरी. नवरा पहिल्या खेपेला तिन्ही गाढवं घेऊन घरी गेला, ओतून परत आला. घामाने थोरलीची चोळी पाठीला चिकटली. ऊन काठावर आलं.

ऊन आलं तसा साहेबही आला. गाडीतून उतरला, उलगडलेली जाळी पाहिली, आणि काठावरूनच ओरडला, "थांबवा! कुणाच्या परवानगीने चाललंय हे?"

आबांनी कुदळ थांबवली नाही. थोरलीने हात जोडले. कोपरापर्यंत काळे हात, पण जोडले असे की लग्नात वधूपक्षाने जोडावेत.

"साहेब, तुम्ही रीतसर अर्ज करा म्हणालात. केलाय. तुमच्यापर्यंत पोचवणारच होतो, तुम्हीच आलात, आमचं नशीब. पोरगी वाचून दाखवेल. दोन मिनिटं उभं राहून ऐकलंत तर उपकार होतील."

काठावर आता माणसं जमली होती. पाणी भरायला निघालेल्या बायका, शाळेच्या वाटेवरची अर्धी नववी, कचेरीचा कारकूनसुद्धा. एवढ्या माणसांसमोर स्वतःची स्तुती मधेच कशी तोडायची? साहेब उभा राहिला.

टकळीने कागद उलगडला. ती जन्मात पहिल्यांदा सावकाश बोलत होती. "परमकृपाळू, गुणग्राहक, तळ्याचे खरे पालनकर्ते, मायबाप साहेबांच्या सेवेशी..." पहिलं पान साहेबाच्या दयेवर होतं. ते संपता संपता तिन्ही गाढवांवर गोण्या चढल्या आणि नवरा त्यांना हाकत गेला. दुसरं पान बदकांवर. साहेबाने घड्याळ पाहिलं. टकळीने थांबून एक शब्द पुन्हा वाचला, नीट लागला नाही म्हणून. तिसऱ्या पानावर स्तुती वाढवलेली होती. बायकांनी माना डोलावल्या. नवरा मोकळी गाढवं घेऊन परत आला. पुन्हा गोण्या, पुन्हा काठ, पुन्हा गेला. चौथ्या पानावर वडिलांच्या वेळेपासूनची माती आली, यंदाची मडकी आली, साहेबाच्याच कचेरीच्या दारातला रांजण कुणाच्या हातचा तेही आलं, आणि हे सगळं इतक्या हात जोडून आलं की साहेबाला नेमकं कुठे रागवावं ते कळेना.

"शेवटचं पान," टकळी म्हणाली.

"लवकर."

तिने एकदा आबांकडे पाहिलं. आबा कमरेपर्यंत खड्ड्यात होते. त्यांनी कुदळ टेकवली, घाम पुसला आणि ऐकायला मान वर केली.

"आम्ही अडाणी, आम्हांस लिहिता येत नाही," टकळी वाचू लागली. "चुकल्यास पदरात घ्यावे. साहेबांचा वेळ मोलाचा. साहेब हा अर्ज शेवटपर्यंत ऐकतील याची आम्हांस खात्री आहे, आणि तोवर नऊ गाढवांची माती घरी पोचलेली असेल."